तीनशे फुटांच्या आतलं दार

श्रीरंग वैरागडे शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर, पोटासाठी कॉम्प्युटरवाला आणि शेवटी गॅस स्टेशनवाला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो नागपूरहून अमेरिकेत, टेक्ससमधल्या अर्विंगला आला, तेव्हा त्याच्याबरोबर आलेले सगळे पुढे मॅनेजर, डायरेक्टर असं काय काय होत गेले. याची नोकरी २००९ साली गेली आणि वर्षभर दुसरी लागली नाही. मग त्यानं आणि इलानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, अर्विंगला खेटून असलेल्या कॉटन रिज नावाच्या छोट्या शहरात एक गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप, घेतलं. चार पंप, मागे एक विटांचं दुकान आणि त्यावर 'कॉर्नर मार्केट' अशी पाटी. मराठी मंडळात बातमी पोचली तेव्हा लोकांनी अभिनंदन केलं, पण पिठलं करपलंय हे कळल्यावर पाहुणे 'चालेल हो' म्हणतात ना, त्या आवाजात.

इलाला त्याचं काही वाटलं नाही. काउंटरवर उभी राहिली आणि वर्षभरात तिला कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे, कुणाचा मुलगा सैन्यात कुठे आहे, सगळं ठाऊक झालं. सकाळी ती मक्याच्या टॉर्टियात नागपुरी तिखटाची अंडा भुर्जी भरून टाको करायची. कोपऱ्यापलीकडे एक लहानसं बाप्टिस्ट चर्च होतं. तिथले वयस्कर डीकन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे, मिस्टर कर्टिस, रोज सकाळी एक टाको आणि एक काळी कॉफी घ्यायचे आणि डोळ्यांतून पाणी काढत संपवायचे. कमी तिखट करू का, असं इलानं विचारलं की म्हणायचे, नको, माझी प्रार्थना यानं लवकर सुरू होते.

इलाला जाऊन आता पाच वर्षं होऊन गेली होती. टाको श्रीरंग करायचा. कर्टिस खायचे, पण डोळ्यांतून पाणी येत नसे.

कॉटन रिज हे शहर 'ड्राय' होतं. म्हणजे गावाच्या हद्दीत बिअर, वाइन काही विकायचं नाही. शेजारच्या शहरात पाच मिनिटांवर सगळं मिळायचं, पण हद्दीच्या आत नाही. गेल्या नोव्हेंबरात लोकांनी मतदान केलं आणि ती बंदी उठली. जानेवारीत हायवेजवळ सोळा पंपांचं नवं स्टेशन सुरू झालं, आत एक अख्खी भिंत बिअरच्या फ्रिजची. श्रीरंगला बिअर विकण्यात पाप वगैरे काही वाटत नव्हतं आणि पुण्यही वाटत नव्हतं. त्याला दिसत होतं ते एवढंच, की माणूस जिथे बिअर घेतो तिथेच गाडीत गॅस भरतो आणि सकाळची कॉफीही मग तिथेच घ्यायला लागतो. त्याच्या दुकानातलं कॉफीचं भांडं पूर्वी सकाळच्या दोन तासांत तीनदा रिकामं व्हायचं. मार्चमध्ये ते एकदासुद्धा धड रिकामं होईना. परवाना मिळाला नाही तर वर्षभरात टाळं लावावं लागणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हता.

टाळं लावलं असतं तर तो उपाशी मेला नसता. मुलगी आन्या कमावती होती, डॅलसच्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिकल थेरपिस्ट होती, आणि बापाला सांभाळायला एका पायावर तयार होती. पण इला जी काही उरली होती ती त्या दुकानात उरली होती. काउंटरखाली तिच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटवलेली होती: 'दूध मागच्या रांगेतलं आधी पुढे आण'. घरात तिच्या वस्तू होत्या, दुकानात तिच्या सवयी होत्या. ते दुकान गेलं तर आपण कुठे जाऊन बसायचं, हे श्रीरंगला खरोखर कळत नव्हतं.

म्हणून त्यानं बिअर आणि वाइनच्या परवान्याचा अर्ज केला. परवाना राज्याचा, पण आधी शहराच्या सचिवाची सही लागते, की ही जागा नियमात बसते. नियम असा की चर्चपासून तीनशे फुटांच्या आत दारू विकायची नाही. अंतर मोजायचं चर्चच्या पुढच्या दारापासून दुकानाच्या पुढच्या दारापर्यंत, रस्त्याच्या कडेकडेनं. अर्जाबरोबर जागेचा नकाशा मागितला होता. दुकान घेतानाचा नकाशा श्रीरंगनं जपून ठेवला होता. त्यावरून त्यानं पट्टी लावून अंतर काढलं आणि रकान्यात लिहिलं, ३३१.४ फूट. ते पॉइंट चार लिहिल्याशिवाय त्याला चैन पडलं नसतं.

एप्रिलमध्ये शहराच्या सचिव, मिसेस हॉलोवे, स्वतः मोजायला आल्या. लांब दांडीला लावलेलं एक चाक असतं, ते जमिनीवरून ढकलत न्यायचं, अंतर आपोआप मोजलं जातं. चर्चच्या दारापासून निघून चाक टिकटिक करत फुटपाथवरून आलं, कोपऱ्यावर वळलं आणि दुकानाच्या दक्षिणेच्या दर्शनी बाजूला येऊन थांबलं. समोर मोठी काच होती, तिच्या आत चिप्सचा स्टँड. दार नव्हतंच.

"श्री," मिसेस हॉलोवे नकाशा उलटा-सुलटा करून म्हणाल्या, "दार कुठे आहे तुझं?"

श्रीरंगनं पूर्वेकडे बोट दाखवलं आणि मगच त्याच्या लक्षात आलं. आठ वर्षं रोज ज्या दारातून तो जात-येत होता ते अर्ज भरताना त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. नकाशात नव्हतं हे एक कारण. आणि खरं कारण हे, की ते दार त्याच्या मनात दुकानाचं नव्हतंच, ते इलाचं होतं.

पूर्वेच्या दारापर्यंत अंतर भरलं दोनशे सत्त्याऐंशी फूट. मिसेस हॉलोवे भल्या बाई, त्यांनी परत चर्चपर्यंत जाऊन दुसऱ्यांदा मोजलं. पण चाकाला काही दयामाया नसते.

आता हे दार तिथे कसं आलं ते सांगायला हवं.

२०१७ च्या वसंतात इलाला कॅन्सर निघाला. पोटातला, आणि पसरलेला. डॉक्टरांनी आठ महिने सांगितले, तेही अडखळत. श्रीरंगनं रिपोर्ट छापून आणले, फाइल केली, आकड्यांचे आलेख काढले आणि त्या आलेखांत काही निघेना, तेव्हा तो इलासमोर खुर्ची टाकून बसायला लागला. ती पेपर वाचत असली तरी समोर हा. ती झोपली तरी हा. दुकान दुपारचं कामाला ठेवलेल्या बाई बघायच्या आणि हा घरी बसून बायकोकडे बघायचा.

अशात नागपूरहून पद्मिनीताईंचा फोन आला. पद्मिनीताई म्हणजे इलाची थोरली बहीण, शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यांच्यासमोर श्रीरंग अजूनही बसल्याचा उभा राहायचा.

"श्रीरंगराव, तुमच्या दुकानाचं दार कोणत्या दिशेला आहे?"

"दक्षिणेला. का हो ताई?"

"तेच ते. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. त्याचं घरातल्या बाईला भोगावं लागतं. इथे एक वास्तुवाले आहेत, फार मोठे आहेत. त्यांनी सांगितलंय, दक्षिणेचं बंद करा, पूर्वेला काढा. आणि दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं नाही. नवऱ्यानं स्वतःच्या हातानं करायचं."

वास्तुशास्त्राची टिंगल करणारं भाषण देऊन श्रीरंगनं कॉलेजात बक्षीस मिळवलं होतं. तो दोन दिवस चिडला. ताई शिकलेल्या बाई आणि हे असलं बोलतात, असं इलाला चार वेळा ऐकवलं. इला म्हणाली, जाऊ द्या हो, तिच्या जिवाची तगमग होतेय. तिसऱ्या दिवशी तो टेप घेऊन दुकानाच्या पूर्वेच्या भिंतीपाशी उभा होता. बांधकामाच्या परवानगीच्या अर्जात 'कारण' असा रकाना होता, त्यात त्यानं लिहिलं: पार्किंगची सोय. आयुष्यात सरकारी कागदावर लिहिलेलं हे त्याचं पहिलं खोटं.

ते काम अकरा आठवडे चाललं. तुळई बसवायला तेवढी माणसं बोलावली, बाकी सगळं त्यानं एकट्यानं केलं. टेक्ससचा उन्हाळा, अंगाची लाही लाही होत होती. विटा कापायच्या, चौकट ओळंब्यात आणायची, दक्षिणेच्या दाराच्या जागी मोठी काच बसवायची. घरी यायचा तेव्हा इतका थकलेला असायचा की जेवता जेवता पेंगायचा. ऑगस्टच्या अखेरीस दार उभं राहिलं. इला त्यातून उजवं पाऊल आधी टाकून आत आली आणि स्वतःलाच हसली. दुसऱ्या दिवसापासून दारासमोरच्या काँक्रीटवर ती सकाळी चार ठिपक्यांची रांगोळी काढायला लागली. गाड्यांच्या टायरनं ती दुपारपर्यंत पुसली जायची, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आठ महिने सांगितलेली इला दोन वर्षं आणि सात महिने जगली.

नव्या औषधानं चांगलं काम केलं, असं डॉक्टर म्हणाले. श्रीरंगनंही सगळ्यांना तेच सांगितलं. पण रोज दुकान उघडताना त्या दाराच्या चौकटीला त्याचा हात आपसूक लागायचा. त्या हाताला जे वाटायचं ते त्यानं कधी कुणापाशी बोलून दाखवलं नाही, कारण बोलायची लाज वाटायची.

तीनशे फुटांचा नियम शिथिल करायचा अधिकार शहराच्या कौन्सिलला असतो. श्रीरंगनं तसा अर्ज केला. मे महिन्यात सुनावणी ठेवली. आन्या कामावरून सुटून थेट तिथे आली.

"बाबा, जस्ट टेल देम अबाउट आई," ती बाहेरच्या बाकावर म्हणाली. "दार का हलवलं ते सांग. दे विल अंडरस्टँड."

"काय सांगू? मी इंजिनिअर आहे, आणि मला कुणीतरी यमाची दिशा सांगितली म्हणून मी भिंत फोडली?"

"हो. तेच सांग."

त्यानं ते सांगितलं नाही. माइकसमोर उभा राहून तो पार्किंगबद्दल बोलला. कौन्सिलच्या एका सभासदानं नकाशा बघून सरळ प्रश्न विचारला, की जुन्या दाराची जागा अजून आहे, नुसती काच आहे, तर तेच दार परत उघडून हे बंद का करत नाही? श्रीरंग म्हणाला, ते शक्य नाही. का शक्य नाही, असं त्या माणसानं विचारलं, अगदी आपुलकीनं विचारलं. श्रीरंग उभा राहिला. बोलायला तीन मिनिटं असतात, त्यातली उरलेली सगळी तो नुसता उभा राहिला आणि मग समोरचा लाल दिवा लागला.

त्यानंतर मिस्टर कर्टिस उठले. ते विरोधात बोलले. "श्रीविरुद्ध माझं काही नाही," ते म्हणाले. "त्याच्या बायकोच्या हातचं मी कित्येक वर्षं खाल्लं आहे. पण आज त्याला तेरा फूट सोडले तर उद्या दुसऱ्याला तेवीस सोडावे लागतील. बंदी उठली तेव्हा आम्हाला हा तीनशे फुटांचा शब्द दिला होता. आमच्याकडे तेवढाच उरलाय." ते काही वाईट बोलले नाहीत. चार विरुद्ध एक मतानं अर्ज फेटाळला गेला. अध्यक्षबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, की पूर्वेच्या दाराला नुसतं कुलूप लावून चालणार नाही, तिथे भिंत बांधा, दक्षिणेचं उघडा, मग आमच्याकडे यायचीसुद्धा गरज नाही. सगळ्या सभागृहाला वाटलं की माणसाचं काम झालं.

गाडीत बसल्यावर आन्या म्हणाली, "इट्स अ डोअर, बाबा."

"मला कळतं."

"मग? दुकान हवंय ना तुला? दोन दिवसांचं काम आहे."

श्रीरंगनं सिग्नलला गाडी थांबवली. समोर बघतच तो म्हणाला, "ते दार बंद केलं आणि तुला काही झालं तर?"

आन्यानं त्याच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांची, धडधाकट, रोज लोकांना पुन्हा चालायला शिकवणारी मुलगी. घरातली बाई आता ती होती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. हसायला हवं होतं, पण तिला हसू आलं नाही.

"ओके," ती म्हणाली. "मग पद्मिनीमावशीला फोन करू. त्या वास्तुवाल्यांनाच विचारू, काही उपाय असेल ना. पूजा वगैरे. आपण करू, बाबा. आय डोन्ट माइंड."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, म्हणजे नागपूरच्या संध्याकाळी, दोघांनी दुकानाच्या काउंटरवर फोन स्पीकरवर ठेवला. श्रीरंगनं सगळं नीट सांगितलं. चर्च, चाक, तीनशे फूट. मग विचारलं, "ताई, ते वास्तुवाले अजून आहेत का? त्यांचा नंबर द्या. पूर्वेचं दार बुजवायचं तर काय करावं लागेल, तेवढं विचारायचंय."

"कोणते वास्तुवाले?" पद्मिनीताई म्हणाल्या.

फोन कट झाला असं आन्याला वाटलं.

"श्रीरंगराव," बऱ्याच वेळानं आवाज आला, "मी आता ऐंशीची होईन. हे घेऊन मला वर जायचं नाही. वास्तुवाले कोणी नव्हते. मला इलानं फोन केला होता. म्हणाली, ताई, हे दिवसभर माझ्यासमोर बसून माझ्याकडे बघतात. माझ्या फोटोला हार घातल्यासारखे बघतात. मला पेपर वाचता येत नाही, रडता येत नाही. यांना काहीतरी काम दे. मोठं दे, विटा-सिमेंटचं दे, त्याशिवाय यांचं मन लागायचं नाही. मी सांगितलं तर ऐकणार नाहीत, तू सांगितलंस तर ऐकतील. दक्षिण-पूर्व सगळं मी टीव्हीवर बघून जुळवलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

श्रीरंगनं काउंटरच्या कडेला दोन्ही हात टेकले.

"स्वतःच्या हातानं करायचं, हेही तिनंच सांगितलं?"

"हो. कंत्राटदाराला दिलं तर आठवड्यात होऊन जाईल म्हणाली. शपथ घातली होती मला. रागावलात का?"

"नाही ताई," श्रीरंग म्हणाला. "नंबर नाही म्हणजे पूजेचं काही नाही. बरं झालं."

फोन ठेवल्यावर तो मागच्या खोलीत गेला आणि दुधाच्या क्रेटवर बसून रडला. आन्या दारात उभी होती, ती आत गेली नाही. यमाची भीती गेली होती, मुलीवरचं सावट गेलं होतं, दुकान वाचणार होतं. रडायला कारण वेगळंच होतं. इलाकडे दिवस मोजकेच होते. त्यातले अकरा आठवडे आपण तिच्याकडे पाठ करून विटा कापत होतो, आणि ते तिनंच मागून घेतलं होतं. आपलं बघणं तिला इतकं जड झालं होतं, आणि आपल्याला वाटत होतं की आपण तिला सोबत करतोय.

जूनमध्ये त्यानं आधी काच काढून दक्षिणेचं दार उघडलं आणि मग पूर्वेचं बुजवायला घेतलं. आन्या दोन दिवस म्हणाली होती. श्रीरंगनं ते अकरा दिवस पुरवलं. जुन्या विटांच्या रंगाची वीट शोधायला फोर्ट वर्थपर्यंत गेला. एकेक थर लावून झाला की ओळंबा धरून उगाचच बघत बसायचा.

सातव्या दिवशी मिस्टर कर्टिस आले. घडीची खुर्ची स्वतःच घेऊन आले आणि सावलीत बसले.

"मी विरोधात बोललो. तुझा राग आहे?"

"नाही."

"असता तरी मी आलो असतो," कर्टिस म्हणाले. थोडा वेळ त्यांनी नुसतं काम बघितलं. "हे दार तू केलंस तो उन्हाळा मला आठवतो. मी तेव्हा चर्चचं गवत कापायचो. तुझी बायको तिथे, त्या झाडाखाली गाडी लावून, एसी चालू ठेवून बसायची."

श्रीरंगचा हात थांबला. "इला? ती घरी असायची. गाडी चालवायचं तिला मना केलं होतं."

"असेल. दुपारी यायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तरी यायचीच. तू कानाला ते आवाज अडवायचं लावून विटा कापत असायचास, तुला काय कळणार. एकदा मला वाटलं, आजारी बाई आहे, पाणी हवंय का विचारावं. म्हणाली, नको. मग म्हणाली, घरी असले की तो माझ्याकडे बघत बसतो. इथे मी त्याच्याकडे बघत बसते. आणि तुला सांगू नको म्हणाली, तू कामात चुकशील."

श्रीरंगनं हातातली वीट लावली. ती वाकडी लागली. काढली, पुन्हा लावली, तरी वाकडीच. मग तो तसाच त्या अर्ध्या भिंतीला हात लावून उभा राहिला आणि रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघत राहिला. तिथे आता कुणाचा तरी पिकअप ट्रक उभा होता. आठ वर्षांपूर्वी एकदा, एकदाच, मान वळवून बघायला हवं होतं, असं त्याला फार वाटलं. कर्टिस उठले आणि त्यांनी पुढची वीट उचलून त्याच्या हातात दिली.

मिसेस हॉलोवे पुन्हा चाक घेऊन आल्या. तीनशे एकतीस फूट. पॉइंट चारचं काय ते चाकाला दाखवता येत नव्हतं, श्रीरंगनं तो आग्रह सोडून दिला. सही झाली, राज्याचा परवाना ऑगस्टमध्ये आला आणि त्यानं तो नियमाप्रमाणे काउंटरमागे काचेत लावला. नव्या फ्रिजमध्ये बिअर भरली. पहिल्या आठवड्यात जुनी गिऱ्हाइकं थोडी थोडी परतली. एक माणूस सहा बाटल्यांचा पॅक घेऊन आला, मग म्हणाला, एक कॉफीही दे. महिन्याभरात सकाळी कॉफीचं भांडं दोनदा रिकामं व्हायला लागलं.

दुकान वाचलं. श्रीरंग मात्र काउंटरवर बसून समोरच्या भिंतीकडे बघायला लागला. बाहेरच्या बाजूला, त्या बंद भिंतीसमोर, काँक्रीटच्या छिद्रांत रांगोळीचा पांढुरका डाग अजून होता. पावसानं, टायरनं कशानंच तो पुरता गेला नव्हता. तिथून आता कुणी येत-जात नव्हतं, त्यामुळे तो आता राहणार होता. सकाळी दुकान उघडताना त्याचा हात चौकट शोधायचा आणि विटांना लागायचा. आन्याला त्यानं झाडाखालच्या गाडीचं सांगितलं होतं. ती शनिवारी येऊन तासभर थांबायची आणि बापाचं हे बघणं बघायची.

सप्टेंबरातल्या एका दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, माझ्या बेडरूमचं दार नीट लागत नाहीये. तुला टाइम आहे का?"

ते दार त्यानं स्वतः मार्चमध्ये तासून दिलं होतं. गेल्याच रविवारी तो तिच्याकडे जेवायला गेला होता, तेव्हा त्यानं ते सवयीनं लावून पाहिलं होतं. अलगद लागलं होतं, आवाजसुद्धा झाला नव्हता.

"अजिबातच लागत नाही?"

"नाही ना. पूर्ण चौकटच वाकडी झालीय, आय थिंक. कुणाला बोलवायचं म्हटलं तर ते दोन तासांत काहीतरी करून जातील. मला तूच करून हवंय."

आवाज अगदी इलाचा. खोटं बोलताना थोडा भरभर होणारा.

"चौकट म्हणजे वेळ लागेल," श्रीरंग म्हणाला. "चार-पाच रविवार तरी धर."

"चालेल," आन्या पटकन म्हणाली. "मी असेन घरीच. बसेन बाजूला."

त्यानं खिळ्यावरचा ओळंबा काढला, टेप काढली आणि पिशवीत भरली.

"बस," तो म्हणाला. "या वेळी मी अधूनमधून मागे वळून बघेन."

ती रडत होती, ते त्याला ऐकू येत होतं. त्यानं फोन ठेवला नाही.